एवढा वेळ कोण थांबणार

ब्लॅकटाउन, सिडनी, रविवार, ६ सप्टेंबर २०२०

श्रेयस,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, म्हणून शेवटी कागद काढला. या देशात नवीन आले तेव्हा भुईगावला आईला पत्र लिहीत असे, त्यानंतर हे पहिलंच. अक्षर बिघडलंय, समजून घे. तू ॲडलेडला नंदूकडे राहतोयस, तो मॉसन लेक्सचा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तुम्ही दोघं एका खोलीत राहून युनिव्हर्सिटीत शिकलात, त्यालाही तुझी काळजी आहे. मी चार वेळा फोन करून त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्याने दिला.

जेवतोस ना वेळेवर? इथे होतास तेव्हा रविवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं होतं. आज क्लोईने सवयीने चार ताटं मांडली, आम्हा नवराबायकोची, तिचं आणि तुझं. रिकी म्हणाला, "अगं, तीनच." 

तू रागावलायस हे मला कळतं. पण श्रेयस, मी काय करू शकत होते? मी टीमची लीड आहे, कंपनीची मालकीण नाही. वृद्धाश्रमवाल्यांना कोणाचं तरी नाव हवं होतं. जॉर्डन मॅनेजर, त्याने मीटिंगमध्ये कोडची ती फाइल उघडली, कोणती ओळ कोणाची हे दाखवणारं टूल लावलं, आणि त्या चुकलेल्या ओळीपुढे तुझं नाव आलं. मशीननेच दाखवलं, त्याला मी काय करणार? नंतर मी एकटीने जॉर्डनशी तुझ्या बाजूने बोलले. तो ऐकेना.

तुला नव्याने काय सांगायचं, पण मीच सगळं पुन्हा पुन्हा मनात लावून पाहते. म्हाताऱ्या माणसांच्या खाटेशी लाल बटण. ते दाबलं की नर्सच्या खोलीतल्या बोर्डावर खोलीचा नंबर येतो आणि पुढे, बटण दाबून किती मिनिटं झाली ते. ज्याला जास्त वेळ झाला तो वर. एवढंच तर आपलं सॉफ्टवेअर. सर्व्हर मिनिटं मोजतो ती ऐसपैस आकड्यात, तिथे जागेला तोटा नाही. भिंतीवरचा बोर्ड मात्र जुना. त्याला आकडा पाठवायचा तर छोट्या जागेत बसवावा लागतो, आणि त्या जागेत २५५च्या पुढचं मावत नाही. म्हणजे सव्वाचार तास. २५६वं मिनिट लागलं की आकडा पुन्हा शून्यावर येतो. बसवण्याआधी तपासायला हवं होतं. तपासलं गेलं नव्हतं.

इतकी वर्षं काही झालं नाही, कारण सव्वाचार तास कोणावर थांबायची वेळच आली नाही. ऑगस्टमध्ये मेलबर्नकडच्या त्या वृद्धाश्रमातला निम्म्याहून जास्त स्टाफ कोविडमुळे घरी बसवला गेला. चाळीस माणसांना दोन नर्स. चौदा नंबरच्या ॲन्ड्रियाबाईंनी सकाळी साडेसहाला बटण दाबलं. दोघी नर्स दुसऱ्या टोकाला, श्वास लागलेल्यांपाशी अडकलेल्या. दहा पन्नासला, म्हणजे दोनशे साठ मिनिटांनी, त्यातली एक धावत बोर्डापाशी आली. जी बाई सगळ्यात वर दिसायला हवी होती ती सगळ्यात खाली होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, चार मिनिटं. नर्सने वरून सुरुवात केली. चौदा नंबरपर्यंत पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. ॲन्ड्रियाबाई बाथरूमच्या दाराशी जमिनीवर पडलेल्या सापडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

अशी चूक कोणाच्याही हातून होऊ शकते, एवढंच मला म्हणायचं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर. नोकरी गेल्यापासून साठ दिवस, म्हणजे वीस ऑक्टोबर. तोवर दुसरी कंपनी मिळायलाच हवी, नाहीतर देश सोडावा लागेल. घरी साताऱ्याला सांगितलंस का? काही लागलं तर कळव. खरंच कळव.

तुझी इझाताई


ब्लॅकटाउन, रविवार, २० सप्टेंबर

श्रेयस,

उत्तर नाही. आधी पोस्टाला दोष दिला. पण नंदू म्हणतो, पत्र पोचलं, तू वाचलंस आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलंस. म्हणजे फाडलं तरी नाहीस.

आज मीही थोडी रागावणार आहे. तुला तोंड होतं ना? त्या मीटिंगमध्ये तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलास? दोन वाक्यं बोलला असतास तर चित्र पालटलं असतं. पोरगा हुशार, पण नको तिथे सज्जन. तुझ्या या सज्जनपणाचा मला कधी कधी संताप येतो.

बरं, राग संपला. खरं म्हणजे तो तुझ्यावरचा नव्हताच.

रिकीच्या जुन्या स्कूटरची गोष्ट आठवते? तू नवीन आलास त्याच महिन्यात सांगितली होती. वसईत त्याच्याकडे एक खटारा गाडी होती, किलोमीटरच्या मीटरला पाचच खाने. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले आणि पुढच्या वळणावर पाच शून्यं. या पठ्ठ्याने ती पापडी गावच्या एका माणसाला नवी कोरी म्हणून विकली! तू खूप हसलास. मग मी मास्तरीण झाले. म्हणाले, मोठ्या भांड्यातलं छोट्या भांड्यात ओतायचं तर आधी बघ, मावतं का. मावत नसेल तर बोंब मार, नाहीतर काठाशी थांब, पण डोळे मिटून ओतू नकोस. मावत नाही ते सांडलं असतं तर निदान दिसलं तरी असतं. आकडा सांडत नाही, तो शून्यावरून नव्याने सुरू होतो आणि तोंड वर करून सांगतो की सगळं ठीक आहे. तू ते कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलंस. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, पहिल्या पत्रात ती लिहिली नाही. ते टूल ओळ कोणी लिहिली हे दाखवत नाही. तिला शेवटचा हात कोणाचा लागला हे दाखवतं. तू फेब्रुवारी एकोणीसमध्ये आलास आणि मी तुला पहिलं काम काय दिलं? जुन्या फाइलींतल्या वाकड्यातिकड्या ओळी सरळ करायचं. "नव्या सुनेला आधी केरवारे," असं चिडवलंही होतं. तू तीनशे फाइली झाडल्यास, आणि तीनशे फाइलींतल्या ओळीओळीवर तुझं नाव बसलं. एक पायरी मागे गेलं की मूळ लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. जॉर्डन सेल्समधून आलेला, त्याला ती पायरी माहीत नाही.

मला माहीत होती. मीटिंगमध्येही माहीत होती.

काल चर्चमध्ये गेले होते. पापनिवेदन सध्या बाहेर अंगणात असतं. दोन खुर्च्या, मध्ये दीड मीटर, दोघांच्या तोंडाला मास्क. मी म्हणाले, "फादर, कामावर एका गोष्टीबद्दल मी गप्प राहिले." फादरनी तीनदा नमो मरिया म्हणायला सांगितलं. मी तिथेच म्हटलं आणि मोकळी झाले. घरी येईपर्यंत लक्षात आलं की एवढं मोठं पाप मी एवढ्याशा वाक्यात कोंबलं होतं, आणि जे मावलं नाही ते सांगितलंच नव्हतं. फादर तरी काय करणार, त्यांना जेवढं दिसलं तेवढ्याचीच क्षमा त्यांनी दिली.

आज एवढंच जमतंय.

इझाताई


ब्लॅकटाउन, बुधवार, ३० सप्टेंबर

श्रेयस,

सकाळी नंदूचा फोन आला. ॲडलेडच्या एका कंपनीने तुझे दोन इंटरव्ह्यू घेतले, त्यांना तू आवडलास, स्पॉन्सर करायलाही तयार झाले. मग त्यांनी रीतीप्रमाणे तुझ्याबद्दल विचारायला जॉर्डनला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी तुला नकाराची मेल आली. नंदू म्हणाला, "ताई, तो आता अर्जच करत नाहीये. नुसता तळ्याला चकरा मारतो."

ती ओळ माझी आहे.

तुला हे माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी ते अजून कुठेच लिहिलेलं नाही.

२०१७ची गोष्ट. शुक्रवार, आर्वोचे, दुपारचे साडेतीन. पाचच्या आत नवी आवृत्ती द्यायची होती. कंपायलर, तो कोड तपासणारा पंतोजी, पिवळी सूचना देत होता, मोठा आकडा छोट्यात टाकताय, काहीतरी हरवेल. तीन ओळी लिहून तपासणी टाकता आली असती. मी आकड्याच्या आधी कंसात छोट्या प्रकाराचं नाव टाकलं. म्हणजे कंपायलरला म्हणाले, मला कळतं, तू गप्प बस. आणि तो गप्प बसला. पुढे मी शेरा लिहिला, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत. तेव्हा ऑफिसात दुसरं कोणी मराठी नव्हतं, त्यामुळे मी मनातलं सगळं असंच लिहायचे, कोणाच्या बापाला कळायचं नाही. शेरा होता, "एवढा वेळ कोण थांबणार."

झाडताना तुला तो सापडला आणि तू हसत माझ्या टेबलाशी आलास.

"ताई, हे मराठीत कोण लिहून गेलंय? मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं."

"मीच रे. काढून टाक, उगाच कोणी अर्थ विचारत बसेल."

तू काढलास. माझी त्या ओळीवरची एकुलती एक खूण तू माझ्याच सांगण्यावरून पुसलीस. त्या दिवशी मीही ती ओळ तुझ्यासोबत पाहिली होती. शेऱ्याला हसले, आणि ओळ वाचली नाही.

म्हणजे वीस ऑगस्टला जॉर्डनने स्क्रीनवर ती ओळ दाखवली तेव्हा तुला पहिल्या क्षणी कळलं. आठ चौकोनांत आठ चेहरे. जॉर्डन म्हणाला, "सो, दिस इज युअर लाइन, मेट?" तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. तू विचारलंस, "इझाबेला, डू यू वॉन्ट टू ॲड एनीथिंग?"

बाकीच्यांना तो साधा प्रश्न वाटला. मला काय वाटलं ते सांगण्याची हिंमत आज आली. मला वाटलं, पोरगा मला दार उघडून देतोय. मी अनम्यूट केलं आणि म्हणाले, "नो, नथिंग फ्रॉम माय साइड." आणि परत म्यूट केलं. तू थोडा वेळ तसाच बघत राहिलास. मग म्हणालास, "ओके. नो वरीज."

जॉर्डनशी तुझ्या बाजूने बोलले हे मी खोटं लिहिलं होतं. त्या दुपारी मी फक्त ती ओळ दुरुस्त केली. २५५च्या वर गेला तर २५५वरच थांब, खाली येऊ नकोस. अकरा मिनिटं लागली. जॉर्डनने सगळ्यांना मेल केली की इझाबेलाने आज कंपनीला वाचवलं. मी उत्तरात हसरा चेहरा पाठवला. श्रेयस, मला त्या हसऱ्या चेहऱ्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता माझी बाजू. रिकीची एअरपोर्टवरची नोकरी मार्चमध्येच गेली. घर माझ्या एकटीवर आहे. तो म्हणतो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगा तरुण आहे, त्याला दुसरं मिळेल. तुला पन्नाशीत कोण घेणार?" क्लोई आतून ऐकत होती. म्हणाली, "डॅड, ही हॅज ट्वेंटी डेज." आणि दार आपटलं. पाच वर्षांची असल्यापासून तिला मी शिकवत आलेय की चूक केली तर सॉरी आधी, कारण मग. ती हल्ली माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

मला भीती वाटते. हे स्पष्टच लिहिते. सांगणार आहे मी जॉर्डनला, शप्पथ. फक्त योग्य वेळ बघते. आठवडाभर थांब.

इझाताई


ब्लॅकटाउन, बुधवार, ७ ऑक्टोबर

श्रेयस,

तीस तारखेला तुला एक पत्र लिहून पोस्टाच्या पेटीपर्यंत नेलं होतं. टाकायच्या आधी शेवटची ओळ पुन्हा वाचली. आठवडाभर थांब. तुझ्याकडे उरलेले वीस दिवस, त्यातले सात मी मागत होते, आणि तेही माझ्या भीतीसाठी. पत्र पर्समध्ये टाकून घरी आणलं. टाकलं नाही, तरी आठवडा तेवढाच गेला. सोमवारी सुट्टी होती, ती एक सबब पुरली. काल मात्र सकाळी रोजच्या मीटिंगमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मला स्क्रीन दाखवायची आहे.

ती फाइल उघडली. ती ओळ. तुझं नाव. मग एक पायरी मागे गेले. माझं नाव आलं, २०१७ची तारीख आली, आणि तो शेराही. त्यांना वाचून दाखवला. कोणीतरी अर्थ विचारला. मी म्हणाले, "हू इज गोइंग टू वेट धॅट लाँग." मग म्हणाले की ही ओळ माझी आहे, श्रेयसने फक्त मोकळ्या जागा नीट केल्या, तेही मी सांगितलं म्हणून, आणि वीस ऑगस्टला मला हे सगळं माहीत होतं. 

जॉर्डनने नंतर एकटीला फोन केला. "मेट, ही इज गॉन. क्लायंट इज हॅपी. व्हाय वुड यू डू दिस टू युअरसेल्फ?" तो काही वाईट माणूस नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, लेखी देतेय. तेच सगळं डायरेक्टरना पाठवलं, वृद्धाश्रमाला पाठवलं. संध्याकाळी डायरेक्टरचं पत्र आलं, कंपनीच्या कागदावर, सहीनिशी. त्यात लिहिलंय की दोष तुझा नव्हता आणि कंपनीने तुझ्याबद्दल दिलेलं मत मागे घेतलं आहे. मला पुढचं ठरेपर्यंत कामावर येऊ नको म्हणून कळवलंय. ते बरोबरच आहे. रिकी कालपासून माझ्याशी बोलत नाही, पण आज सकाळचा चहा त्यानेच केला.

वृद्धाश्रमाच्या बाईंचं उत्तर आलं. ॲन्ड्रियाबाई पुनर्वसन केंद्रात आहेत, चालता येईल असं वाटत नाही. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि शाळेत गणित शिकवायच्या. नाव माहीत होतं, तरी सात आठवडे मी त्या बाईंना मनात दोनशे साठ या आकड्यानेच ओळखत होते. आता त्यांना पत्र लिहायचं आहे. ते याच्यापेक्षा अवघड जाणार आहे.

हे पोस्टाने पाठवत नाही. पोस्टाला हल्ली आठवडा लागतो, तुझ्याकडे तेराच दिवस आहेत. तुमच्या साउथ ऑस्ट्रेलियाने आमच्यासाठी बॉर्डर उघडली आहे. शनिवारचं विमान मिळतंय.


मॉसन लेक्स, शनिवार, १० ऑक्टोबर, सकाळ

श्रेयस,

नंदूने दार उघडलं. म्हणाला, "ताई, तो आत आहे, पण बाहेर येईल असं वाटत नाही." मी म्हणाले, बोलावू नकोस. एवढंच पाकीट दे. ते बंद करायच्या आधी दाराशी बसून हे लिहितेय.

पाकिटात डायरेक्टरचं पत्र आहे. माझं सही केलेलं निवेदन आहे. त्या ओळीचा सगळा इतिहास छापलेला आहे, पहिल्या दिवसापासून. काल मी ॲडलेडच्या त्या कंपनीला स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं, काही न दाबता. वीस मिनिटं लागली. त्या बाई म्हणाल्या, जागा अजून भरलेली नाही, श्रेयसला अजून इच्छा असेल तर सोमवारी नऊ वाजता फोन करू दे. नंबर मागे लिहिलाय. बाकी नक्की काही नाही, उगाच आशा लावत नाही. तीस तारखेचं न टाकलेलं पत्रही आत ठेवलंय. ते वाचून माझ्याबद्दल वाईट वाटलं तर वाटू दे, मी तेव्हा तशीच होते.

आईने जानेवारीत पाठवलेल्या सुकेळ्यांचा, त्या वाळवलेल्या केळ्यांचा, शेवटचा पुडा आहे. ती तू खायची. क्लोईनेच तो पिशवीत घातला.

तू मीटिंगमध्ये माझ्यासाठी थांबलास. नंतर सात आठवडे थांबलास, एका कागदावर खरं लिहून तू मला कधीही उघडं पाडू शकत होतास, तरी थांबलास. एवढा वेळ कोण थांबणार, असं मी लिहिलं होतं.

समोर तळ्याकाठी बाक आहे, तुझ्या खिडकीतून दिसत असावा. मी तिथे जाऊन बसते. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, सावकाश ठरव. मला ताई म्हणायचं की नाही तेही. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

इझाबेला